तिसरं पाकीट

"पायरीवरच थांब," दस्तगीरचाचा म्हणाले. "तुज्या बाला इचारून आलीयास का?"

"नाही."

"मग आत येऊ नगंस. उगं माज्यावर बालंट नको."

मी पायरीवरच बसले. समोर, गल्लीच्या दुसऱ्या अंगाला आमचं दुकान होतं. आप्पा, म्हणजे माझे वडील तातोबा सुतार, लाकूड बघायला वखारीत गेले होते, म्हणून तर मला हे धाडस सुचलं. दोन दुकानांच्या मधे एक बैलगाडी जेमतेम जाईल एवढाच रस्ता. पण तो ओलांडून पलीकडे जायची आमच्या घरात बंदी होती. मीठ संपलं तर आई तिसऱ्या गल्लीत जाऊन उसनं आणायची, समोर मागायची नाही.

"चाचा, शाळांच्या लेझमींचं कळलं का तुम्हाला?"

"कळलं." ते पत्र्याच्या चकत्या कापत होते. मान काही वर झाली नाही. "समद्या जिल्ह्याचं काम मुंबैच्या कंपनीला दिलं म्हनं. टेंडर न्हाई, काय न्हाई."

"मी तक्रार केलीय."

कात्री थांबली. "तू?"

"आप्पांची सही आहे. लिहिली मी."

मी तेव्हा नुकतीच बी.कॉम. झाले होते आणि तालुक्याच्या गावात बी.कॉम. झालेल्या मुलीला जेवढा ताठा असतो तेवढा सगळा माझ्यात होता. जिल्हा परिषदेनं त्या वर्षी प्रत्येक प्राथमिक शाळेला लेझमींचा संच द्यायचं ठरवलं होतं. आमची गिऱ्हाइकं म्हणजे शाळाच. जत्रा-मंडळांची चार-दोन कामं यायची, पण दांड्या कातायची आमची लेथ फिरायची ती शाळांच्या जिवावर. बातमी ऐकून आप्पांनी देवापुढं साखर ठेवली होती. मग कळलं की खरेदी थेट होणार. त्या मुंबईच्या कंपनीनं ॲल्युमिनियमच्या दांडीची 'सुरक्षित लेझीम' काढली होती, आणि शिक्षण विभागानं कागदावर लिहून टाकलं होतं की या जिल्ह्याला लेझीम पुरवू शकेल असा हा एकमेव उत्पादक आहे. एकदा साऱ्या शाळांना नव्या लेझमी मिळाल्या की पुढची कित्येक वर्षं आमच्याकडं कोण येणार? आप्पांनी लेथला गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलं होतं. पोळपाट-लाटणी करणारा एक जण होता, कराडचा.

"मग माज्याकडं काय काम काढलंयस?" चाचांनी विचारलं.

"जिल्हा परिषदेतले भाऊसाहेब म्हणाले, निविदा काढायची तर दरांची किमान तीन बंद पाकिटं यावी लागतात. एक कंपनीचं, एक आमचं. तिसरं पाकीट भरणारा कुणी नसेल तर सुनावणीत म्हणतील, स्पर्धाच नाही, मग थेट खरेदी केली तर बिघडलं कुठं? चाचा, तुम्ही सुनावणीला या. मीपण लेझीम बनवतो एवढंच सांगा."

"म्हंजे तातोबाला काम मिळावं म्हनून म्या गवाही द्यायची?"

"तुम्हालाही मिळू शकतं की."

त्यांनी एक चकती उचलून उजेडात धरली, फुंकर मारली, डब्यात टाकली.

"येतो," ते म्हणाले. "पर त्येच्या शेजारी बसनार न्हाई."

आता हे वैर कशाचं, ते सांगायला हवं. माझ्या लहानपणी ही दोन दुकानं एकच होती म्हटलं तरी चालेल. दांडी आमच्याकडं कातली जायची आणि साखळी, चकत्या, कड्या समोर व्हायच्या. दुपारी चाचा त्यांचं लोखंड घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसायचे आणि दोघं मिळून लेझमी जुळवायचे. मला तर पाळण्यातसुद्धा त्याच आवाजानं झोप यायची, असं आई सांगायची. मग एका वर्षी भैरोबाच्या जत्रेत, ऐन पालखीपुढं, पाटलांच्या पोराच्या हातात लेझीम मोडली. दांडीच्या टोकाला जिथं कडी बसते, तिथंच लाकूड चिरलं. सारा गाव बघत होता. आप्पा म्हणाले, कडी जास्त घट्ट ठोकली म्हणून लाकूड फाटलं. चाचा म्हणाले, लाकूड ओलं होतं म्हणून फाटलं. तुटलं होतं नेमकं लाकूड आणि लोखंड भेटतात त्या जागी, त्यामुळं खरं कोण ते भैरोबालाच ठाऊक. त्या दिवसापासून आप्पा लोखंड शिकले आणि चाचा लाकूड शिकले. दोघांनी आपापली अख्खी लेझीम करायला घेतली, आणि खरं सांगायचं तर दोघांचीही अर्धीच चांगली व्हायची.

मी चाचांना भेटून आले हे कळल्यावर आप्पांनी हातातला रंधा खाली ठेवला.

"त्येच्या तोंडानं माजं दुकान वाचवू व्हय? त्यापरीस लेथ इकलेली बरी."

आई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "इका की. मग दिसभर घरात बसा आन् भाकरी कशी थापायची ते मला शिकवा."

आप्पांना आईचं बोलणं लागायचं, पण पटायचंही. रात्री जेवण झाल्यावर हात धुताना म्हणाले, "येऊ दे त्याला. मी बोलनार न्हाई."

सुनावणीच्या दिवशी आम्ही एकाच एस.टी.नं निघालो. आप्पा ड्रायव्हरच्या मागं, चाचा पार शेवटच्या बाकावर आणि मी अधेमधे, दोन्ही बाजूंना लक्ष ठेवून. आप्पांच्या मांडीवर पिशवीत आमच्या लेझमी होत्या आणि चाचांच्या मांडीवर त्यांच्या. गाडी खड्ड्यात आपटली की पुढून छन्न आणि मागून छन्न. कंडक्टर म्हणाला, "काय वो, कुटं जत्रा हाय का? तीन तिकिटं देऊ?"

"दोन," आप्पा म्हणाले.

"येक," मागून आवाज आला.

सुनावणी जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकारी बाईंपुढं होती. नवीनच आल्या होत्या, चष्मा, साधी सुती साडी. त्यांच्या एका बाजूला शिक्षण विभागाचे ढवळे साहेब आणि त्यांच्याजवळ कंपनीचा टाय लावलेला माणूस. त्यानं 'सुरक्षित लेझीम' टेबलावर ठेवली. खोटं कशाला बोलू, दिसायला देखणी होती. आप्पांनी लांबूनच ती डोळ्यांनी तोलली आणि नाक मुरडलं. मागं खुर्चीत चाचांनीही अगदी तसंच नाक मुरडलं. दोघांनाही ते दिसलं नाही, मला दिसलं.

बाईंनी माझा अर्ज वाचला. मग आप्पांना विचारलं, "तुम्ही म्हणता तुम्ही लेझीम बनवता. तुमच्याशिवाय या जिल्ह्यात आणखी कोण बनवतं?"

आप्पांनी मांडीवरची पिशवी सावरली. "बनवतोय एक जन."

"नाव?"

"आमच्या समूरच हाय."

"अहो, नाव सांगा ना. लिहून घ्यायचंय."

मी आप्पांच्या मानेकडं बघत होते. जत्रेनंतर आमच्या घरात ते नाव कधी कुणी घेतलं नव्हतं. 'त्यो', 'समोरचा', 'लोखंडवाला' असं सगळं होऊन गेलं होतं.

"दस्तगीर," आप्पा म्हणाले. आवाज इतका बारीक की कारकुनानं दोनदा विचारलं. "दस्तगीर बाबालाल शिकलगार."

बापाच्या नावासकट. चाचांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

तेवढ्यात ढवळे साहेबांनी घसा खाकरला. त्यांनी चांगलीच तयारी केलेली होती.

"मॅडम, एक लक्षात आणून देतो. हे दोघं एका गल्लीतले, समोरासमोरचे. पूर्वी एकत्रच धंदा करायचे, मी माहिती काढलीय. एकच दुकान आणि दोन पाट्या. उद्या निविदा काढली तर हे घरात बसून दर ठरवणार, एक जण मुद्दाम जास्त भरणार, दुसरा घेणार. तिसरं पाकीट म्हणजे यांचंच दुसरं पाकीट. याला स्पर्धा म्हणायचं?"

बाईंच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी चष्मा काढून आमच्याकडं पाहिलं. मला वाटलं, झालं, बुडालो. याला उत्तर म्हणून दाखवायला माझ्याकडं एक चिठोरंसुद्धा नव्हतं. दोन माणसं एकमेकांशी बोलत नाहीत याचा दाखला कुठलं तहसील देतं?

"ह्येच्या संगं मिळून?" आप्पा ताडकन उठले. "म्या? बाईसाब, ह्येच्या दांडीवरनं जरा हात फिरवून बघा. कुसळं भरत्यात तळव्यात! शाळंतल्या पोरीबाळींच्या हातात द्यायची का ही?"

"आन् ह्येच्या चकत्या!" चाचा मागून कडाडले. "डब्यात खडं हालवल्यागत वाजत्यात! लेझीम म्हनत न्हाईत त्याला!"

"आप्पा, बसा," मी म्हणाले. कोण ऐकतंय?

"माजी डब्यागत वाजत असंल, पर मोडत न्हाई! पालखीफुडं मोडली ती तुज्या कडीनं!"

"लाकूड वलं हुतं!"

"कडी घट्ट हुती!"

"वलं हुतं! म्या तवाच सांगितलं हुतं, तातोबा, आनखी उनात ठिव. ऐकलंस?"

"मला लाकूड शिकवतुयास? लोखंड कापनारा तू!"

दोघंही आपापल्या पिशवीतल्या लेझमी काढून बाईंच्या टेबलावर आपटत होते. दारात शिपाई येऊन उभे राहिले. कंपनीच्या माणसानं खुर्ची मागं सरकवली. मी कपाळाला हात लावून बसले होते आणि कराडच्या त्या पोळपाटवाल्याचा चेहरा मला दिसत होता.

बाईंनी पेपरवेट टेबलावर ठोकला. दोघं गप्प झाले, पण धापा टाकत होते.

"तुम्ही किती वर्षं एकमेकांशी बोलला नाहीत?"

"पंधरा," दोघं एकदमच म्हणाले.

बाई ढवळे साहेबांकडं वळल्या. त्यांच्या ओठांचा कोपरा किंचित हलला असेल, मी शपथेवर सांगणार नाही. "ढवळे, ही दोन माणसं मिळून दर ठरवतील?"

दारातला एक शिपाई फसकन हसला. ढवळे साहेब फायलीत बघायला लागले.

"थेट खरेदीचा आदेश रद्द," बाईंनी कारकुनाला सांगितलं. "जाहीर निविदा काढा." मग आमच्याकडं बघून म्हणाल्या, "तुमची लेझीम चांगली की त्यांची, हे मी ठरवलेलं नाही. फक्त दार उघडलंय. आता बाहेर जाऊन भांडा."

स्टँडवर परतीच्या गाडीला अवकाश होता. आप्पा बाकाच्या एका टोकाला, चाचा दुसऱ्या टोकाला. पंधरा वर्षांचं साठलेलं एका दमात बोलून दोघंही उपास सोडल्यासारखे थकले होते. थोड्या वेळानं चाचा उठले, टपरीवरून तीन चहा घेऊन आले. एक मला दिला आणि एक बाकावर, मधल्या मोकळ्या जागेत ठेवला.

आप्पांनी पेल्याकडं पाहिलं. चहावर साय धरायला लागली तसे म्हणाले, "साखर जास्त घातली असंल."

"न्हाई. सांगून कमी घ्यायला लावलीया."

आप्पांनी चहा घेतला. मी दुसरीकडं बघत राहिले, कारण मला रडू येत होतं आणि आप्पांना रडणं आवडायचं नाही.

"तातोबा," चाचा म्हणाले, "येकच पाकीट भरू या का? दांडी तुजी, लोखंड माजं. कंपनीचा बा आला तरी आपल्याम्होरं टिकायचा न्हाई."

आप्पांनी पेल्यातला तळाचा चहा हलवला. मी मनातल्या मनात भैरोबाला नारळ बोलले.

"येक झालं तर दोनच पाकिटं हुत्यात," आप्पा म्हणाले. "तीन लागत्यात. पुन्यांदा त्यो ढवळ्या म्हनंल, स्पर्धा न्हाई."

"मग?"

"मग काय? आपलं आपलं भरायचं. आन् पाकिटं फुटंपतुर बोलायचं न्हाई. त्या बाईनं इस्वास टाकलाय आपल्यावर. आपलं भांडान खरं हाय म्हनून."

"बराबर हाय," चाचा म्हणाले. गाडी लागली. एक पुढं जाऊन बसला, एक मागं.

त्यानंतरचा महिना माझ्या जितका लक्षात आहे तितकं त्या काळातलं दुसरं काही नाही. आधीची पंधरा वर्षं दोघं रागानं गप्प होते. आता बोलायची इच्छा होती आणि गप्प होते, आणि ते बघणं फार अवघड होतं. चाचांची कात्री थांबली की आप्पा लेथ बंद करून कानोसा घ्यायचे. आप्पांना खोकला झाला तर सकाळी आमच्या पायरीवर अडुळशाचा पाला. आप्पांनी विचारलं, "कुनी ठिवला?" आई म्हणाली, "वाऱ्यानं आला असंल." आप्पांनी काढा घेतला आणि समोर बघून नुसतं खाकरले. समोरूनही खाकरल्याचा आवाज आला. दर काय भरला, हे आप्पांनी मला सोडून कुणाला कळू दिलं नाही, आणि मीही त्या महिन्यात समोरची पायरी चढले नाही.

पाकिटं फुटली. सगळ्यात कमी दर दस्तगीर बाबालाल शिकलगार. दुसरा आमचा. कंपनी तिसरी.

आप्पा घरी आले, लेथवर गोणपाट टाकलं, त्याची चारी टोकं नीट खोचली. म्हणाले, "कराडवाल्याला निरोप धाड."

"आप्पा..."

"कायदेशीर झालंय. त्येनं चोरून घेतलं न्हाई." मग हात झटकून म्हणाले, "चांगलं झालं. कंपनीला जान्यापरीस गल्लीत ऱ्हायलं."

त्यांना तसं खरंच वाटत होतं, आणि तरी ते जेवले नाहीत. मला मात्र काही चांगलं वाटत नव्हतं. तिसरं पाकीट हवं म्हणून रस्ता ओलांडून गेले होते मी, आणि त्याच पाकिटानं आमची लेथ बंद पाडली होती. चाचांचा राग येत होता, आणि राग यायला काही कारण नाही याचा जास्त राग येत होता.

सकाळी मी अंगणात सडा टाकत होते. समोरचं दार उघडलं. दस्तगीरचाचा खांद्यावर एक पोतं घेऊन बाहेर आले, गल्लीत क्षणभर थबकले आणि रस्ता ओलांडून आमच्या पायरीपाशी येऊन उभे राहिले. पोत्यातून छन्न झालं.

"पायरीवर थांबू का आत येऊ?" त्यांनी मला विचारलं.

मी आप्पांकडं पाहिलं. आप्पा गोणपाट टाकलेल्या लेथपाशी पाठमोरे उभे होते. आतून आईच म्हणाली, "या की दस्तगीरभावजी. चहा टाकते."

चाचा आत आले. पोतं खाली ठेवलं, उघडलं. आत नुसत्या साखळ्या, चकत्या आणि कड्या. एकही दांडी नव्हती.

"माज्या दांडीला कुसळं असत्यात म्हनं," ते आप्पांच्या पाठीला म्हणाले. "भर कचेरीत सांगितलंस. आता येवड्या पोरीबाळींच्या हातात कुसळं कशी देऊ? दांड्या तू कात."

आप्पा वळले नाहीत. "माजं लाकूड वलं असतंय."

चाचांनी खाली बसून पोत्यातली एक कडी उचलली आणि बोटात फिरवत राहिले.

"असू दे," ते म्हणाले. "कडी सैल ठिवीन."

आप्पांनी गोणपाटाचं एक टोक सोडवलं. मग दुसरं. तिसरं मी सोडवलं.

जत्रेत चूक कुणाची होती, ते शेवटपर्यंत ठरलं नाही. पुढं जेव्हा जेव्हा निविदा निघायची तेव्हा दोघं एकमेकांना रामराम करून बोलणं बंद करायचे आणि पाकिटं फुटेपर्यंत एकमेकांचा उंबरा शिवायचे नाहीत. आई त्याला टेंडरचं सुतक म्हणायची. कधी त्यांना काम लागायचं, कधी आम्हाला. ज्याला लागेल तो दुसऱ्या दिवशी सकाळी रस्ता ओलांडायचा. आधी आप्पा गेले, दोन पावसाळ्यांनी चाचा गेले. आप्पांच्या तिरडीला पुढचा खांदा चाचांनी दिला होता.

लेथ आता मी चालवते. समोर चाचांची सून रुक्साना बसते. दुपारी ती तिचं लोखंड घेऊन आमच्या ओट्यावर येते आणि आम्ही जुळवणी करतो, गप्पा तर विचारूच नका.

परवा पेपरात निविदेची जाहिरात आली. दुपारी रुक्सानानं सवयीनं मला हाक मारायला हात वर केला, मग तिला सुतक आठवलं. तिनं हात खाली घेतला आणि हसू दाबायला तोंडाला पदर लावून आत वळली. मीही लेथ सुरू केली.